पॅट समिट यांची अडतीस वर्षे: महाविद्यालयीन प्रशिक्षिकेची कारकीर्द कशाने मोजावी?

औदुंबर (धागाकर्ती)

अमेरिकेतील महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक विजयांचा मान अनेक वर्षे टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांच्याकडे होता. १९७४ ते २०१२ या अडतीस हंगामांत त्यांच्या संघाने १,०९८ सामने जिंकले आणि २०८ गमावले. डिसेंबर २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या टॅरा व्हॅनडर्व्हीर यांनी हा आकडा ओलांडला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कनेटिकटचे जीनो ऑरिएमा त्यांच्याही पुढे गेले. समिट यांची राष्ट्रीय अजिंक्यपदे आठ, तर ऑरिएमा यांची आता बारा आहेत. ज्या दोन आकड्यांवरून समिट यांची ओळख करून दिली जात असे, ते दोन्ही आता दुसऱ्यांच्या नावावर आहेत.

माझे मत असे आहे, की त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत मोलाचा काळ म्हणजे १९७४ पासून १९८७ पर्यंतची वर्षे, ज्यांत त्यांना एकही अजिंक्यपद मिळाले नव्हते. टेनेसीच्याच मार्टिन येथील शाखेतून पदवी घेऊन बावीस वर्षांच्या पॅट हेड (लग्नापूर्वीचे आडनाव) पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठाच्या नॉक्सव्हिल येथील मुख्य आवारात आल्या, त्या साहाय्यक प्रशिक्षिका म्हणून. मुख्य प्रशिक्षिका पद सोडून गेल्या आणि एकाही सामन्याचे मार्गदर्शन न केलेल्या या मुलीकडे संघ आला. वेतन महिना २५० डॉलर होते. संघातील काही मुली त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने लहान होत्या. संघाची गाडी त्याच चालवीत, गणवेशही त्याच धूत, आणि ते गणवेशसुद्धा आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेले होते. पहिला सामना त्या मर्सरविरुद्ध ८४-८३ असा एका गुणाने हरल्या. त्याच काळात त्यांचे स्वतःचे शिक्षण चालू होते, त्या विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षणाचे वर्ग शिकवीत होत्या आणि शस्त्रक्रिया झालेला गुडघा १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकसाठी तयार करीत होत्या.

आपल्याला काय वाटते? प्रशिक्षकाची कारकीर्द विजयांवर मोजावी, की त्याने काय उभे केले यावर?

आकडेमोड्या

धाग्याचा विषय उत्तम आहे, परंतु आकड्यांना इतक्या लवकर घराबाहेर काढू नये. १,०९८ विजय आणि २०८ पराभव म्हणजे जिंकण्याचे प्रमाण ८४ टक्के. अडतीस हंगामांत एकही हंगाम असा नाही, ज्यात पराभव विजयांहून अधिक झाले. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची महिलांसाठीची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून २०१२ पर्यंत त्यांचा संघ प्रत्येक वर्षी त्या स्पर्धेसाठी पात्र ठरला. अंतिम चार संघांत तो अठरा वेळा पोहोचला. एखाद्या वर्षी चांगल्या मुली मिळाल्या आणि जिंकलो, असे दैवाचे दान इतका काळ टिकत नाही. सातत्य हेदेखील उभे केलेलेच असते आणि ते आकड्यांतूनच दिसते.

हस्की_हार्टफर्ड

मी गेली अनेक वर्षे कनेटिकटमध्ये राहतो, त्यामुळे माझा पक्ष कोणता हे सांगण्याची आवश्यकता नसावी. ऑरिएमा १९८५ मध्ये येथे आले, तेव्हा येथेही काहीच नव्हते. इटलीतून लहानपणी आलेल्या एका स्थलांतरित मुलाने शेतकी विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टॉर्सच्या माळावर हे घडवले. त्यांचे जिंकण्याचे प्रमाण ८८ टक्क्यांच्या आसपास आहे. टेनेसी आणि कनेटिकट यांच्यातील पहिला सामना जानेवारी १९९५ मध्ये झाला, तो कनेटिकटने ७७-६६ असा जिंकला आणि त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात पुन्हा टेनेसीलाच ७०-६४ असे हरवून अपराजित अजिंक्यपद मिळवले. २००७ पर्यंत दोघांचे बावीस सामने झाले. त्यांपैकी तेरा कनेटिकटने जिंकले.

समिट यांचे थोरपण मी नाकारत नाही. परंतु ‘पाया कोणी घातला’ हा प्रश्न आला की मागून येणाऱ्याने कितीही मजले चढवले तरी त्याला दुय्यमच ठरवले जाते, आणि तो मला अन्याय वाटतो.

पेठेतला_पंच

हस्कीराव, तेरा विरुद्ध नऊ. नऊचा उल्लेख आपण मोठ्या मनाने टाळलात, त्याची नोंद घेण्यात आली आहे.

नॉक्सव्हिलकर

ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत नोकरीला असल्यामुळे मी या परिसरात राहतो. बाहेरून येणाऱ्यास सर्वप्रथम जाणवते ती गोष्ट म्हणजे येथे समिट यांचे नाव केवळ खेळाच्या पानापुरते नाही. विद्यापीठाच्या आवारातील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे, पुतळा आहे, आणि ज्या क्रीडागृहाला आम्ही अजूनही थॉम्पसन-बोलिंग म्हणतो (अलीकडे त्यावर एका किराणा साखळीचे नाव आले आहे), तेथील मैदानाला २००५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. पुरुषांचा संघदेखील त्याच मैदानावर खेळतो. स्त्री प्रशिक्षिकेचे नाव असलेल्या मैदानावर पुरुषांनी धावावे, हे या भागात फारसे कोणाला वेगळे वाटत नाही, हेच मला विशेष वाटते.

मैदानाला नाव मिळाले तो प्रसंगही सांगण्यासारखा आहे. मार्च २००५ मध्ये पर्ड्यूविरुद्ध त्यांचा ८८० वा विजय झाला आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या डीन स्मिथ यांचा ८७९ विजयांचा विक्रम मोडला. स्मिथ पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षक होते. तोवर महिलांच्या खेळातील आकडे पुरुषांच्या आकड्यांशेजारी मांडण्याची पद्धतच नव्हती. त्या विजयानंतर ते मांडावे लागले.

औदुंबर यांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. पॅट यांचे बालपण टेनेसीतील शेतावर, दुभत्या जनावरांत आणि तंबाखूच्या कामात गेले. तीन थोरले भाऊ आणि कडक शिस्तीचे वडील. कौतुकाचा शब्द वडिलांच्या तोंडून सहसा निघत नसे. परंतु राहत्या भागातील शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघ नाही म्हणून जेथून तो असलेल्या शाळेत जाता येईल, त्या हेन्रिएटाला त्यांनी सारे बिऱ्हाड हलवले. मला त्या माणसाचे सर्वांत मोठे कौतुक याच गोष्टीत दिसते.

सुलेखा

सगळे कौतुक वाचले. आता विरुद्ध बाजू मांडण्याची परवानगी असावी.

समिट यांच्या कडकपणाच्या कथा मोठ्या अभिमानाने सांगितल्या जातात. त्यांची रोखून पाहण्याची नजर तर एक दंतकथाच झाली होती. संघ नीट खेळला नाही, तर त्या मुलींना संघाच्या कपडे बदलण्याच्या सुसज्ज खोलीतून बाहेर काढीत आणि पुन्हा लायक ठरेपर्यंत तिचे दार बंद ठेवीत. २००९ मध्ये बॉल स्टेटकडून ७१-५५ असा पहिल्याच फेरीत पराभव झाला, तेव्हा हंगाम संपलेला असतानाही त्यांनी संघाला परत सरावाला उतरवले. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींवर हा दबाव टाकणे आज आपल्याला मान्य होईल का? त्यांच्याकडून संघ सोडून गेलेल्या मुलीही आहेत. यशस्वी माणसाचा कठोरपणा ‘शिस्त’ ठरतो आणि अयशस्वी माणसाचा ‘छळ’, हा न्याय मला कधी समजला नाही.

जुनी_खेळाडू

सुलेखाताई, प्रश्न योग्य आहे आणि तो मी एकेकाळी स्वतः अनुभवलेला आहे. पुण्यात विद्यापीठ पातळीवर खेळत असताना आमच्या वाट्याला आलेले एक प्रशिक्षक केवळ ओरडत असत. चूक झाली की मैदानाला फेऱ्या. परंतु चूक नेमकी कोणती होती, बचावात पाय कोठे ठेवायला हवा होता, हे त्यांनी कधी सांगितले नाही, कारण बहुधा ते त्यांनाही ठाऊक नसावे. त्यामुळे ओरडण्याबद्दल माझ्या मनात कसलाही हळवा कोपरा नाही.

समिट यांच्याबद्दल वाचताना मला फरक जाणवतो तो या ठिकाणी. त्यांच्या संघात वर्ग बुडवला, तर पुढचा सामना खेळता येत नसे, मग ती मुलगी संघातील कितीही मोठी खेळाडू असो. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे, असा नियम होता. आणि टेनेसीत ज्यांनी खेळण्याची पात्रतेची वर्षे पूर्ण केली, त्या प्रत्येक मुलीने पदवी पूर्ण केली. अडतीस वर्षांत एकही अपवाद नाही. ज्या देशात महाविद्यालयीन खेळाडूंची पदवी हा अनेकदा उपचार असतो, तेथे हे सोपे नव्हे. त्यांच्या कडकपणातील मोठा भाग मुलीच्या भविष्याकडे वळलेला होता, असे मी म्हणेन. सगळा होता, असे म्हणण्याचे धाडस करणार नाही.

तमिका कॅचिंग्जचे उदाहरण घ्या. तिला जन्मापासून कमी ऐकू येते. शाळेत मुले चिडवीत म्हणून तिने श्रवणयंत्रे वापरणेच सोडून दिले होते. टेनेसीत आल्यावर समिट यांनी तिला ती पुन्हा वापरायला प्रवृत्त केले आणि उच्चारांच्या सरावासाठीही पाठवले. पुढे ती ऑलिंपिकच्या चार सुवर्णपदकांची मानकरी झाली. ज्या नजरेची आपण भीती सांगता, त्या नजरेला ही मुलगी काय लपवते आहे, हेही दिसत होते.

सुलेखा

जुनी_खेळाडू, कॅचिंग्जचे उदाहरण मनापासून पटले. खोलीला कुलूप घालण्याचे मात्र अजूनही पटलेले नाही.

फक्त_वाचक

आमच्या महाविद्यालयात मुलींसाठी खोलीच नव्हती, त्यामुळे कुलुपाचा प्रश्न उद्भवला नाही.

वकीलीण

या धाग्यात ‘टायटल नाइन’ अद्याप आले नाही, याचे आश्चर्य वाटते. १९७२ च्या या केंद्रीय कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई केली. कायद्याच्या मजकुरात खेळाचा शब्दही नव्हता. परंतु विद्यापीठांना अनुदान हवे होते आणि मुलांना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळत होत्या, त्यामुळे मुलींनाही त्या देणे क्रमप्राप्त झाले. समिट स्वतः मार्टिनला शिकत असताना महिलांसाठी अशी शिष्यवृत्ती नव्हती. आपल्या भावांना ती मिळाली आणि आपल्या शिक्षणाचा खर्च मात्र आईवडिलांना करावा लागला, ही गोष्ट त्या पुढे आवर्जून सांगत.

आता या कायद्याची दुसरी बाजू पाहा. १९७२ पूर्वी महिलांच्या महाविद्यालयीन संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रियाच होत्या, कारण त्या कामात ना पैसा होता ना मान. पैसा आला तसे पुरुष आले आणि पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरले. म्हणजे ज्या कायद्याने मुलींना मैदान मिळवून दिले, त्याच कायद्यामुळे स्त्रियांची प्रशिक्षकाची खुर्ची पुरुषांच्या हाती जाऊ लागली. हा कायद्याचा दोष म्हणता येणार नाही. नेमणुका करणाऱ्यांच्या मनाचा म्हणता येईल. समिट यांची कारकीर्द या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. २००६ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक वेतन मिळवणाऱ्या त्या महिला बास्केटबॉलमधील पहिल्या प्रशिक्षक ठरल्या. तो आकडा केवळ त्यांचा नव्हता. त्यानंतर वाटाघाटीला बसलेल्या प्रत्येक प्रशिक्षिकेला समोर ठेवण्यासाठी एक आधार मिळाला.

आकडेमोड्या

वकीलीणबाईंना एक प्रश्न. १९८२ पूर्वीचे विजय मोजावेत का? तेव्हा महिलांच्या स्पर्धा एआयएडब्ल्यू ही स्वतंत्र संघटना चालवीत असे. एनसीएएने महिलांची स्पर्धा सुरू केल्यावर ती संघटना बंद पडली. १,०९८ मध्ये त्या वर्षांचेही विजय धरलेले आहेत.

वकीलीण

अवश्य मोजावेत. ती संघटना बहुतांशी स्त्रियांनीच चालवलेली होती, आणि एनसीएएला जोवर या खेळात काही लाभ दिसत नव्हता, तोवर तिने महिलांकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. नंतर आलेल्या मालकाने आधीच्या कुळाची वहिवाट नाकारावी, असा प्रकार होईल.

औदुंबर

वकीलीणबाई, आपल्या प्रतिसादामुळे माझा मुद्दा अधिक स्पष्ट मांडता येईल. १९७७ पासून १९८६ पर्यंत दोन्ही संघटनांच्या स्पर्धा मिळून टेनेसी सात वेळा अंतिम चार संघांत पोहोचली आणि सातही वेळा रिकाम्या हातांनी परतली. १९८० मध्ये ओल्ड डोमिनियन, १९८१ मध्ये लुइझियाना टेक आणि १९८४ मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाकडून तर थेट अंतिम सामन्यात हार पत्करावी लागली. समिट यांना मोठा सामना जिंकता येत नाही, अशी कुजबुज होती. आजच्या काळात इतकी वर्षे कोणत्या विद्यापीठाने वाट पाहिली असती? १९८७ मध्ये त्याच लुइझियाना टेकला ६७-४४ असे हरवून पहिले अजिंक्यपद आले, तो त्यांचा तेरावा हंगाम होता.

मधल्या काळात त्या काय करीत होत्या? टेनेसीच्या शाळांत मुलींचा बास्केटबॉल तेव्हा सहा जणींचा असे. तीन मुली अर्ध्या मैदानात केवळ आक्रमण करीत, उरलेल्या तिघी दुसऱ्या अर्ध्यात केवळ बचाव करीत, आणि मधली रेषा कोणीही ओलांडायची नाही. मुलींना पूर्ण मैदान धावणे झेपणार नाही, ही त्यामागची समजूत. ज्या मुलीने शाळेत चार वर्षे कधी बास्केटकडे चेंडू टाकलाच नाही, तिला विद्यापीठात कसे घ्यायचे? समिट यांनी या पद्धतीला उघड विरोध केला आणि १९७९-८० च्या हंगामापासून राज्यातील शाळांत पाच जणींचा पूर्ण मैदानाचा खेळ सुरू झाला. हे श्रेय एकट्या त्यांचे नाही, न्यायालयीन लढाही झाला होता. परंतु विजयांच्या कोणत्याही तक्त्यात याची नोंद होणार नाही.

हस्की_हार्टफर्ड

औदुंबर, सहा जणींच्या खेळाची माहिती मला नव्हती. माझा मुद्दा मी सोडत नाही, परंतु आता तो थोडा बारीक करून मांडतो. समिट यांनी खेळ उभा केला, हे मान्य. तो खेळ देशाने दूरचित्रवाणीसमोर बसून पाहावा, यासाठी मात्र त्यांना तोलामोलाचा प्रतिस्पर्धी हवा होता, आणि तो कनेटिकटने दिला. दोघांनी एकमेकांना मोठे केले. समिट यांनी २००७ नंतर ही वार्षिक लढत बंद केली, याचे दुःख येथे आजही आहे. त्यामागच्या कारणांबद्दल दोन्ही बाजू वेगवेगळे बोलतात, त्यात मी शिरत नाही. २०१२ मध्ये समिट यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाला ऑरिएमा यांनी दहा हजार डॉलर दिले होते, एवढे मात्र येथे नोंदवतो.

नॉक्सव्हिलकर

हस्कीराव, लढतीविषयी बोलताना १९९७ सोडून चालणार नाही. त्या वर्षी टेनेसी दहा सामने हरली होती. येथे लोकांनी हंगाम मनातून निकालात काढला होता. मग विभागीय अंतिम सामन्यात तोवर अपराजित असलेल्या कनेटिकटला तिने ९१-८१ असे हरवले आणि पुढे अजिंक्यपदही घेतले. लगेचच्या हंगामात शमीक होल्ड्सक्लॉ, तमिका कॅचिंग्ज आणि सेमेका रँडल या तिघींसह ३९ पैकी ३९ सामने जिंकले. बहुतेक लोक ३९-० च्या संघाची आठवण काढतात. माझ्या मते प्रशिक्षिका म्हणून त्यांचे खरे कौशल्य दहा पराभवांच्या संघात दिसते.

पेठेतला_पंच

समिट बाईंच्या हट्टाची एक गोष्ट येथे आल्याशिवाय धागा पूर्ण होणार नाही. सप्टेंबर १९९० मध्ये दिवस भरत आलेले असताना बाई विमानाने पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउनला गेल्या, मिशेल मार्सिनियाक नावाच्या मुलीला संघात येण्यासाठी राजी करायला. तेथे कळा सुरू झाल्या. तरी त्यांनी भेट आटोपती घेतली नाही. परतीच्या प्रवासात वैमानिकांनी व्हर्जिनियात विमान उतरवण्याचा प्रस्ताव मांडला, तो बाईंनी धुडकावला, कारण त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने जादा वेळेत टेनेसीला स्पर्धेबाहेर काढले होते, आणि अंतिम चार संघांचे सामने नेमके नॉक्सव्हिललाच होते. आपला मुलगा त्या राज्यात जन्माला यायचा नाही! टायलरचा जन्म नॉक्सव्हिललाच झाला.

यापुढची गंमत म्हणजे मार्सिनियाकबाई आधी नोत्र दाम विद्यापीठात गेल्या. तेथून बदली घेऊन टेनेसीत आल्या आणि १९९६ च्या अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या. आमच्याकडे सोयरीक जुळवणाऱ्यांनी या चिकाटीचा अभ्यास करावा.

जुनी_खेळाडू

पंच, त्या व्हर्जिनियाच्या संघात डॉन स्टेली होती, हेही सांगा. १९९१ च्या अंतिम सामन्यात टेनेसीने व्हर्जिनियाला जादा वेळेतच ७०-६७ असे हरवून हिशेब चुकता केला. स्टेलीला खेळाडू म्हणून महाविद्यालयीन अजिंक्यपद कधीच मिळाले नाही. पुढे साउथ कॅरोलायनाची प्रशिक्षिका म्हणून तिने २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन मिळवली. या क्षेत्रातील धागेदोरे असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

दुसरे उदाहरण किम मल्की यांचे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघाच्या प्रशिक्षिका समिट होत्या आणि मल्की त्या संघातील खेळाडू. (१९७६ च्या पहिल्यावहिल्या महिला ऑलिंपिक बास्केटबॉलमध्ये समिट यांनी स्वतः खेळून रौप्य मिळवले होते.) मार्च २०१२ मध्ये समिट यांचा प्रशिक्षिका म्हणून शेवटचा सामना झाला, तो मल्की यांच्या बेलर संघाविरुद्ध. बेलरने तो जिंकला आणि त्या हंगामात चाळीसपैकी चाळीस सामने जिंकून अजिंक्यपद मिळवले.

फक्त_वाचक

पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षकपद त्यांना देऊ केले होते, हे खरे का?

नॉक्सव्हिलकर

होय. टेनेसीच्या पुरुष संघासाठी त्यांना एकाहून अधिक वेळा विचारणा झाली आणि त्यांनी ती नाकारली. महिलांकडून पुरुषांकडे जाणे म्हणजे बढती, हे गृहीतकच त्यांना मान्य नव्हते.

सुलेखा

या एका नकारासाठी मी त्यांचे कुलूप माफ करण्याचा विचार करू शकते.

वकीलीण

शेवटच्या हंगामाविषयी कोणीतरी लिहायला हवे, म्हणून लिहिते. ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, आपल्याला अल्पवयात होणारा अल्झायमर झाल्याचे त्यांनी जाहीर केले. विद्यापीठाने त्यांना पदावर ठेवले. सराव आणि सामन्यातील निर्णय मोठ्या प्रमाणात साहाय्यकांनी सांभाळले. त्यांतील हॉली वॉरलिक ७० च्या दशकात समिट यांच्याच संघात खेळलेल्या, १९८५ पासून त्यांच्या साहाय्यक राहिलेल्या, आणि एप्रिल २०१२ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या. त्या हंगामात संघाने २७ सामने जिंकले, ९ गमावले. समिट यांचे निधन जून २०१६ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी झाले.

अत्यंत मानाच्या पदावरील व्यक्तीने स्मृतिभ्रंशाचे निदान लपवण्याचे सर्व मार्ग उपलब्ध असताना ते स्वतः जाहीर करावे आणि तरीही एक पूर्ण हंगाम संघासोबत बसावे, याचे कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. आजाराचे नाव उच्चारताच माणूस कामावरून बाद होतो, ही भीती आपल्याकडील कार्यालयांतही मोठी आहे. काही जणांनी तेव्हा टीका केली, की भावनेपोटी संघाचे नुकसान होते आहे. मला ती टीका अगदीच निराधार वाटत नाही, परंतु निर्णय योग्य होता असेच मी म्हणेन.

आकडेमोड्या

त्या ९ पराभवांसह २०८. ते नोंदीत तसेच राहू द्यावेत. त्यांनी स्वतः काही वेगळे मागितल्याचे ऐकिवात नाही.

हस्की_हार्टफर्ड

मूळ प्रश्नाकडे येतो. कारकीर्द उभारणीवर मोजायची असेल, तर प्रशिक्षक गेल्यावर उभारणी किती टिकली, हेही विचारावे लागेल. टेनेसी २००८ नंतर एकदाही अंतिम चार संघांत पोहोचलेली नाही. वॉरलिक गेल्या. त्यानंतर १९९६ ते १९९८ च्या तिन्ही अजिंक्यपदांत खेळलेल्या केली हार्पर आल्या आणि २०२४ मध्ये त्यांनाही जावे लागले. हे समिट यांच्या खात्यावर कसे मांडायचे?

औदुंबर

प्रश्न अवघड आहे आणि मला तो टाळायचा नाही. संघ म्हणून टेनेसी उतरणीला लागली, हे खरे. परंतु समिट यांनी उभे केलेले टेनेसीपुरते राहिलेच नाही, म्हणूनच टेनेसीला आज जिंकणे कठीण झाले आहे, असे मला वाटते. १९८७ मध्ये मोजकी विद्यापीठे महिलांच्या संघावर खरा खर्च करीत होती. आज साउथ कॅरोलायना, लुइझियाना स्टेट, आयोवा, टेक्सस हे सर्व तोच खर्च करतात, त्याच मुलींच्या मागे धावतात आणि प्रेक्षागृहे भरवतात. ज्या प्रशिक्षिकेचा प्रयत्न खेळ वाढावा असा होता, तिच्या संघाची मक्तेदारी संपणे हा तिचा पराभव मानायचा का? मी मानणार नाही. आपण मानू शकता.

हस्की_हार्टफर्ड

अर्धे मानतो. उरलेल्या अर्ध्यासाठी बारा अजिंक्यपदे माझ्या बाजूने उभी आहेत.

नॉक्सव्हिलकर

हस्कीराव, फेब्रुवारी २०२५ मध्ये नॉक्सव्हिलला काय झाले, ते आपण सांगता की मी सांगू? टेनेसीने कनेटिकटला ८०-७६ असे हरवले. २००७ नंतर प्रथमच. नव्या प्रशिक्षिका किम कॉल्डवेल यांचे बाळंतपण जानेवारीच्या उत्तरार्धात झाले होते, आणि एकच सामना चुकवून त्या बाकावर परतल्या होत्या. बाळंतिणीने इतक्या लवकर कामाला लागावे का, यावर येथे बरीच चर्चा झाली. माझ्या पत्नीचे मत विचाराल, तर मुळीच लागू नये.

सुलेखा

आपल्या पत्नीला माझा नमस्कार सांगावा.

जुनी_खेळाडू

नॉक्सव्हिलकर, पुढील वर्षी मुलीकडे अटलांटाला येणार आहे. महिला बास्केटबॉलचे जे सन्मानदालन आपल्या गावात आहे, ते पाहण्यासारखे आहे का? मोटारीने एका दिवसात जाऊन परत येता येईल का?

नॉक्सव्हिलकर

ताई, अवश्य या. अटलांटाहून मोटारीने साधारण साडेतीन तास लागतात. पहाटे निघालात, तर एका दिवसात होईल, परंतु मुक्कामाला आमच्याकडेच थांबावे. ते दालन १९९९ मध्ये सुरू झाले. इमारतीवर एक अवाढव्य बास्केटबॉल बसवलेला आहे, त्यामुळे पत्ता विचारावा लागणार नाही. आत ‘ऑल अमेरिकन रेड हेड्स’ या १९३६ पासून गावोगाव फिरणाऱ्या महिला संघाची लांबलचक मोटारगाडी ठेवलेली आहे. तो संघ पुरुषांच्या संघांविरुद्ध, पुरुषांच्याच नियमांनी खेळत असे. पॅट यांचा जन्म १९५२ चा, म्हणजे या बायका त्याआधी सोळा वर्षांपासून रस्त्यावर होत्या.

पेठेतला_पंच

हस्कीराव, ऐकलेत ना? पायाखालीही पाया निघाला. आता या बायकांच्या विजयांचा तक्ता आकडेमोड्यांकडून मागवावा काय?

आकडेमोड्या

शोधतो आहे. पुरुषांविरुद्धचे विजय वेगळ्या रकान्यात मांडावे लागतील.